डिस्क पुसून

एप्रिल लागला की नांदेडच्या आमच्या ऑफिसच्या आवारातला लिंब फुलतो. बारीक पांढरी फुलं गाड्यांच्या सीटवर पडतात, पत्र्यावर पडतात, खिडकीतून उडून कीबोर्डच्या फटींत जाऊन बसतात. समोरच्या शाळेत परीक्षेचं केंद्र असतं. पोरंपोरी भिंतीच्या वीतभर सावलीत उभी राहून शेवटची पानं चाळत असतात. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांना गवताच्या नव्या ताट्या बसतात आणि पहिल्यांदा पाणी सुटलं की सगळ्या ऑफिसात ओल्या गवताचा वास पसरतो. लोक म्हणतात, काय झकास वास सुटलाय. मला तो वास आला की मी उठून बाहेर जातो. खरंच जातो, लिहायचं म्हणून लिहीत नाही.

नेमकं याच दिवसांत कुणाचं तरी मशीन उन्हानं बसतं. मी टेबलाखाली घुसून वायरी काढत असतो आणि वरून आवाज येतो, "दत्ताभाऊ, ती तुमची लिनक्सची गंमत सांगा की. ह्या नव्या मॅडमनी ऐकली न्हाई आणखी."

मी सांगतो. दरवर्षी सांगतो. लाज म्हणून नाही मला. जुना कंप्युटर, लातूरची खोली, भर दुपार, पहिल्यांदाच लिनक्स टाकायची हौस. त्यात भाषा मराठी निवडली आणि पडद्यावर आलं, 'संपूर्ण डिस्क पुसून प्रतिष्ठापित करा'. आता आम्ही मूळचे शिरूर अनंतपाळचे. आमच्याकडं पुसणं म्हणजे विचारणं. आईला पुसून जा, मास्तरला पुसून ये, पावण्याला पुस चहा घेतो का. मला वाटलं, वा, काय नम्र माणसं आहेत ही, डिस्कला विचारून विचारून पुढं जाणार! केलं क्लिक. इथं सगळे हसतात. आवक-जावकचे साहेब तर डोळ्याला रुमाल लावतात. मीही हसतो. मग चहा येतो आणि जो तो आपापल्या खुर्चीत जातो. त्या डिस्कवर काय होतं, हे आजवर कुणी पुसलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

त्या डिस्कवर माझ्या आक्काची सहा वर्षं होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. उदगीर, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच वाक्यात नांदतात; त्या बोलीवर ती पीएच.डी. करत होती. लातूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. तासिकेवर म्हणजे जेवढे तास तेवढीच मॅडम. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती कुणाचीच कुणी नसायची. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाइल, पुन्हा तेच "बघू". पीएच.डी. झाली असती तर कायमच्या जागेसाठी रांगेत उभं तरी राहता आलं असतं. जुलैत प्रबंध द्यायचा होता, मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली. वय बत्तीस. आईनं लग्नाचं काढलं की म्हणायची, "जुलै होऊ दे आई, मंग तू म्हणशील त्याला हाव म्हणते." आमच्या घरात त्या साली सगळ्याच गोष्टी जुलैवर येऊन थांबल्या होत्या.

तिचं काम मी बघितलं होतं, म्हणून तर जास्त लागतं. एसटीनं जायची, खांद्याला एक पिशवी, पिशवीत तळहाताएवढा रेकॉर्डर आणि पाण्याची बाटली. मोंढ्यातले हमाल, विड्या वळणाऱ्या बाया, देवळापुढं बसलेले म्हातारे, कुणाशीही जाऊन बोलत बसायची. रेकॉर्डरात जागा थोडी, म्हणून रविवारी घरी आली की सगळे आवाज कंप्युटरात उतरवायचे आणि रेकॉर्डर मोकळा करायचा. मग एकेक आवाज ऐकून शब्द टिपायचे, तेही थेट कंप्युटरातच. कागदावर उतरलेली होती फक्त पहिली दोन प्रकरणं. ती मार्गदर्शक सरांच्या कपाटात होती.

एकदा, दिवाळी झाल्यावर, मी तिच्याबरोबर उदगीरला गेलो होतो. किल्ल्याच्या अंगाला एका गल्लीत रहिमाबी नावाची बांगड्या भरणारी म्हातारी राहायची. दारातच बाज, बाजेवर बांगड्यांच्या पेट्या. आम्ही दिसलो तशी ओरडली, "ऊटा आय्ता, बाई? खाना खाल्ला का न्हाई? ह्यो कोन, भाऊ हाय व्हय तुझा? लईच वाळलाय की गे." एवढ्यात तीन भाषा झाल्यासुद्धा. आक्कानं रेकॉर्डर एका पालथ्या पेटीवर ठेवला, तोवर रहिमाबीनं तिचा हात ओढून घेतला. बोटांची हाडं दाबत, मुठीची मापं घेत ती बोलत राहिली. आक्काच्या हातात एकेक हिरवी बांगडी चढत गेली आणि मध्ये मध्ये किणकिण. त्या किणकिणीनं शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून आक्का आधी वैतागली होती. नंतर म्हणाली, असू दे, तो बी तिचाच आवाज हाय.

त्या दिवशी रहिमाबी एका पाटलाच्या सुनेविषयी बोलली. "बावीस वर्साची पोर. तिचं कुकू पुसलं. मंग मी गेले त्या गल्लीत, तर सगळ्या बायांनी हात पुढं केले, अन् ही दाराच्या आड. कुनीच पुसलं न्हाई तिला, बांगड्या भरायच्या का म्हून. मी बी न्हाई पुसलं, बाई. आता वर गेल्यावर अल्ला मला पुसंल ते." एवढं बोलून तिनं आक्काची मूठ हातात तशीच धरून ठेवली. किणकिण थांबली होती.

परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसून तेच घोळवत होती. "ऐकलास का रं दत्ता? एकच शब्द. पुसलं, पुसलं न्हाई, पुसंल. नाहीसं करणं बी तेच आणि विचारणं बी तेच. पुण्याच्या माणसाला दोन शब्द लागतात, हिचं एकात भागतं." तिनं त्या शब्दाचं एक आख्खं पान करायचं ठरवलं. मोठ्या उत्साहात म्हणाली, "बघ तू, माझ्या प्रबंधातलं सगळ्यात भारी पान हेच व्हणार." हात हलला की तिच्या नव्या बांगड्या वाजत होत्या. अहमदपूरचे दोन प्रवासी वळून बघत होते.

म्हणजे मला ठाऊक होतं. ऑफिसात गंमत सांगताना मी हे गाळतो. पुसणं म्हणजे फक्त विचारणं एवढंच मला माहीत होतं, असा भोळा चेहरा करतो. दोन्ही अर्थ माहीत होते मला. बहिणीच्या तोंडून ऐकले होते.

आता कंप्युटरविषयी. पेटीसारखा जाड मॉनिटर, वर आईनं घातलेला क्रोशाचा रुमाल, पिवळा पडलेला डबा. चालू केला की भाकरी थापून होईस्तोवर चित्र यायचं नाही. आक्का फाइल उघडायला सांगायची आणि उठून कपडे वाळत घालून यायची. मध्येच अडकला की ती डब्यावर चापट मारायची, मग लगेच डब्यालाच गोंजारायची, "चाल रं बाबा, जुलैपतूर चाल." तिचं हे गोंजारणं मला बघवत नसे. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी बसलेला. तिच्या जिवावर खात होतो हे उघडच होतं आणि आपल्याला येतं काय तर कंप्युटरातलं थोडंफार. वाटायचं, हिच्यासाठी एवढं तरी करावं.

गणीभाई म्हणून आमचे कंप्युटर दुरुस्त करणारे होते, गंजगोलाईजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान. त्यांचं एक वाक्य लातुरातल्या निम्म्या घरांना पाठ असेल. "सी म्हंजे वसरी, डी म्हंजे आतली खोली. वसरीत काय बी होऊ द्या, डीला काय व्हत न्हाई." कधीही फॉरमॅट मारला की ते हेच म्हणायचे आणि खरंच डीला काही व्हायचं नाही. म्हणून आक्काचं सगळं डीमध्ये. आम्ही डीवर देवासारखा विश्वास टाकून होतो.

एप्रिलात आक्का परीक्षेच्या ड्युटीवर आठ दिवस नांदेडला गेली. ड्युटी संपवून दोन शेवटची गावं करून येणार होती. मी ठरवलं, ती यायच्या आत मशीन नवं करून ठेवायचं. लिनक्सचं ऐकलं होतं, जुन्या डब्यातसुद्धा पळतं म्हणे. मित्राच्या घरून फाइल आणली. ती चढवायला पेनड्राइव्ह लागतो. घरात पेनड्राइव्ह एकच, आक्काचा, आणि त्यात तिच्या कामाची नक्कल. तो रिकामा करणं भाग होतं. मी त्यातलं सगळं आधी व्यवस्थित डीमध्ये उतरवून ठेवलं. काळजी घेतली हो मी. तारीख घालून वेगळं फोल्डर केलं, नाव दिलं 'आक्का सुरक्षित'.

दुपारची वेळ. बाहेर पाण्याच्या टँकरभोवती घागरींचा खणखणाट. कूलरला पाणी नव्हतं, नुसतीच गरम हवा फेकत होता, तरी ताट्यांचा वास सुटला होता. खिडकीबाहेरचा लिंब फुलून पांढरा झालेला. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर जगातल्या भाषांची यादी आली. तीत मराठी! मी खुर्चीतून उठलोच. आईला हाक मारली, "आई, बघ, ह्याला मराठी येतंय."

आई दारातूनच म्हणाली, "मंग त्याला म्हणावं, कूलरात दोन घागरी पाणी टाक."

मी वाचून दाखवलं, प्रतिष्ठापना सुरू करा. "कशाची परतिष्ठापना आता? गणपतीला आणखी लई येळ हाय," म्हणून ती पदरानं वारा घेत आत गेली. मी एकटाच हसत बसलो. त्या दुपारी मी खूप खूश होतो, हे लिहायला नको वाटतं, पण होतो.

मग तो प्रश्न आला. दोन पर्याय होते. पहिला, संपूर्ण डिस्क पुसून प्रतिष्ठापित करा. दुसरा, स्वतः विभाजन करा. विभाजन म्हणजे वाटणी. आमच्या घरात वाटणी हा शब्द निघाला की चुलत्यांपासून सगळी उठून बसायची, दोन पिढ्या त्यात बोलेनाशा झाल्या होत्या. तो पर्याय मला धोक्याचा वाटला. आणि पहिला? पुसून. आमचा शब्द, आईचा शब्द. लहानपणी तिचं दिवसाला दहादा चालायचं, पुसल्याबिगर हात लावू नको. वाटलं, हे पुसून करणार म्हणतंय, म्हणजे भलतंच काही करणार नाही. आणि शेवटी डीला काय होतंय? खाली बारीक इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यांचं मराठी करायचं राहिलं असावं. बारीक इंग्रजी मी कधी वाचलं होतं म्हणून तेव्हा वाचणार?

त्या अनुवाद करणाऱ्याचा काडीचा दोष नाही. कुठल्या तरी भल्या माणसानं फुकटात बसून आमच्यासारख्यांसाठी ते केलं असेल. शब्द अगदी बरोबर होता. चूक वाचणाऱ्याची होती.

पुढचे आठ दिवस. ते आठ दिवस मला सगळ्यात जास्त छळतात, कारण ते आनंदाचे होते. मशीन मिनिटात उठायचं. मी त्यात गाणी टाकली, सिनेमे टाकले, हे उतरव, ते बसव, पडद्यावर रोज नवं चित्र. गणीभाईंना बोलावून दाखवलं, ते म्हणाले, "दत्ताभाई, तुम्ही तर इंजिनेरच झाले." आईला पत्त्यांचा खेळ लावून दिला. डी दिसत नाही हे दुसऱ्या दिवशीच ध्यानात आलं होतं. म्हटलं, असेल आत कुठं तरी, याची मांडणीच वेगळी आहे, सापडेल. आक्का आली की निवांत शोधू. मी जे काही नवं आत टाकत होतो ते तिच्या आवाजांच्या उरल्यासुरल्या जागेवर जाऊन बसत होतं, हे मला पुढं कळलं. खड्डा खणला होता, आणि वर आठ दिवस हसत हसत माती लोटत होतो मी.

आक्का दुपारीच आली. चेहरा उन्हानं काळवंडलेला, टाचा धुळीनं भरलेल्या, पण खूश. धर्माबादकडं एक म्हातारा भेटला होता, त्याच्याकडून चाळीस नवे शब्द मिळाले होते. पाणीसुद्धा बसून प्याली नाही. मी म्हटलं, आधी हे बघ. बटण दाबलं. मिनिटात चित्र आलं. ती टाळी वाजवून ओरडली, "अगंबया! दत्ता, काय केलंस रं? लई पळायलंय की!" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला, लाडाचा. तो धपाटा मला अजून आठवतो.

मग तिनं रेकॉर्डरची वायर जोडली आणि म्हणाली, "माझं डी कुठंय?"

मी म्हटलं, हाय की, थांब. होम उघडलं. दस्तऐवज उघडलं, रिकामं. संगीतमध्ये माझी गाणी. चित्रमध्ये फुलांचे फोटो. एकेक कप्पा उघडत गेलो. आक्का माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा श्वास मानेवर लागत होता. मग तो लागायचा थांबला.

"पेनड्राइव्ह?" ती म्हणाली.

मी माऊसवरचा हात काढून घेतला. तिला कळलं. ती पलंगावर बसली, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, दोघांकडं बघून म्हणाली, "काय झालं गं?" आक्का म्हणाली, "काय न्हाई." मग आक्का माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मला पुसायचं तरी."

तो शब्द तिच्या तोंडून गेला तसा तिलाही ऐकू आला असावा. तिनं चटकन तोंडावर हात ठेवला. हसली का हुंदका आला, मला आजही सांगता येत नाही. हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या.

मी ती डिस्क घेऊन गणीभाईंकडं पळत गेलो. त्यांनी बघितलं आणि खुर्चीत मागं टेकले. "अरे दत्ताभाई, तुम्ही वसरी न्हाई झाडली, घरच पाडलं. वसरी बी न्हाई अन् खोली बी न्हाई. आता डीला काय व्हत न्हाई कसं म्हनू मी?" तरी बिचाऱ्यांनी दोन दिवस दुसरं काम बाजूला ठेवून खटपट केली. शेकडो तुकडे निघाले, नावं गेलेले, नुसते आकडे. लावून बघितलं तर खरखर. एकात कोंबडा ओरडला. एकात एसटीचा हॉर्न. रहिमाबीच्या दारातला एकच तुकडा निघाला, अकरा सेकंदांचा. त्यात किणकिण आहे आणि आक्काचा आवाज आहे, "हां खाला, चालू केलंय. आता बोला." त्यापुढं खरखर. गणीभाईंनी तो तीनदा लावला. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून मला म्हणाले, "बहीनला सांगा, माफ करा."

सरांनी आक्काला ऐकवायचं ते ऐकवलं. मुदत आणखी वाढली नाही. पावसाळ्यात ती उदगीरला परत गेली होती, पहिल्यापासून सुरू करू म्हणून. रहिमाबीला तोवर लकवा मारला होता. बाजेवरून ओळखीचं हसली, ओठ हलले, शब्द काही फुटला नाही. आक्का तिचा हात धरून तासभर बसली आणि शेवटच्या एसटीनं परत आली. थंडीत रहिमाबी गेली. जुलै कधीच येऊन गेला होता. आईनं लग्नाचं पुन्हा काढलं नाही. आक्कानं पुढच्या जूनमध्ये मुलाखतीला जायचं सोडलं.

आता ती लातुरात मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर आहे. क्लासेससाठी गावोगावच्या मुली येतात, धर्माबादच्या, उदगीरच्या, देगलूरच्या. दिवसभर तिच्या कानांवर तीच बोली पडते. मी एकदा तिथं बसलो होतो तर एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "मॅडम, घरी पुसून सांगते." मी आक्काकडं बघितलं. तिनं मान खाली घालून वहीत वेळ लिहिली आणि म्हणाली, "लवकर सांग." पूर्वी असा शब्द कानावर पडला असता तर तिनं पेन शोधलं असतं.

आणि माझं? मला नोकरी त्या लिनक्सनंच दिली. त्या उन्हाळ्यात तिचे आवाज शोधायच्या नादात मी जे शिकलो, त्यावर आज नांदेडात माझं घर चालतं. लोक म्हणतात, दत्ताभाऊंचा हात धरणारं कुणी नाही. रोज सकाळी मी मशीन चालू करतो, रोज सगळ्यांच्या फाइलींची नक्कल काढतो, एकदा, दोनदा, तीनदा. साहेब म्हणतात, एवढी काळजी कशाला करून राहिला? मी चौथी काढायला घेतो. आक्कानं मला एकदा तरी शिव्या द्यायला हव्या होत्या, असं वाटतं. ती कधीच बोलली नाही. राखी बांधते, डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून देते. त्या एका वाक्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कुणी तोंड उघडलेलं नाही. हे असं जगणं फार जड आहे. मी माफी मागितली, पन्नासदा मागितली असेल, पण ती समोर नसताना, टेबलाखाली वायरी काढताना.

रहिमाबीची मुलगी शमीमआपा दर एप्रिलला आक्काला फोन करते. अम्मीचा आवाज तुमच्याकडं आहे, तो द्या, एवढंच तिचं मागणं. पहिल्या वर्षी आक्काला खरं सांगायचं धाडस झालं नाही. "शोधायले आपा, सापडला की देते," म्हणाली. दुसऱ्या वर्षी तेच म्हणाली. मग खरं सांगायची वेळच निघून गेली. नऊ वर्षं आक्का माझ्यासाठी खोटं बोलते आहे.

गेल्या रविवारी मी लातूरला होतो. आक्काच्या खोलीत कूलर नुकताच उतरवला होता, ताट्या ओल्या होत्या. फोन वाजला. आक्कानं नाव बघितलं. दोन रिंगा जाऊ दिल्या. मग फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "या टायमाला तू बोल."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती थकली होती, बस.

मी फोन घेतला. शमीमआपा लगबगीनं बोलत होती, मागं भांड्यांचे आवाज. "कोन, भाऊ का? बरं झालं भाऊ भेटले. माझ्या पोरीची शादी हाय, पुढच्या जुम्म्याला. अम्मीनं साऱ्या उदगीरच्या पोरींचे हात भरले, हिचेच तेवढे ऱ्हायले. म्हून म्हनलं, हिचे हात भरताना अम्मीची आवाज लावू. लई नको, भाऊ. दोन मिन्टाची असली तरी बास."

उर्दूत आवाज ती असते. आक्कानं ते कधीकाळी टिपून ठेवलं होतं, हे त्या क्षणी आठवायला नको होतं. आक्का समोर उभी होती, हात छातीशी बांधून. तिच्या मनगटांत आता बांगड्या नसतात. म्हटलं, आज सांगायचंच. नऊ वर्षांत न फुटलेलं वाक्य एकदाचं तोंडातून निघालं, पण निघालं ते आमच्याच भाषेत.

"आपा, ती आवाज... मी पुसली. सगळंच पुसलं, आपा. माझ्या हातानं पुसलं मी."

पलीकडं शमीमआपानं मोठा श्वास सोडला, डोक्यावरची घागर उतरवल्यासारखा.

"पुसलं? लई बरं केलं, भाऊ. अल्ला भलं करो तुमचं. इत्क्या वर्सात कुनीतरी माझ्यासाठी पुसलं तरी." भांड्यांचा आवाज थांबला. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी असणार.

"मंग? काय म्हनले ते लोक, भाऊ?"